घडाघडा वाचतात, पण कळतं का? दोन भाषांत वाढणारी मुलं, शब्दसंग्रह आणि आकलन

साळुंकी

पुण्यात चौथी ते सातवीच्या मुलांबरोबर वाचनाचं काम करते. बरीचशी मुलं सेमी-इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. काही पूर्ण इंग्रजी माध्यमाची. घरची भाषा बहुतेकांची मराठी, काहींची मारवाडी, कन्नड, भोजपुरी. पालक भेटायला येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते: "वाचतो छान, पण उताऱ्याखालच्या प्रश्नांना गोंधळतो." त्यावर घरी होणारा उपायही ठरलेला असतो: रोज एक पान मोठ्याने वाच. या उपायाने फारसा फरक पडत नाही. तो का पडत नाही यावर सविस्तर बोलायला हवं, म्हणून हा धागा.

आधी हे वाक्य वाचा:

"रेणूचे भुरंडे गोलंट कुसवात निपरले, कारण कुसवाला तिसळ लागली होती."

प्रश्न १: भुरंडे कुठे निपरले? प्रश्न २: ते का निपरले?

दोन्ही उत्तरं तुम्हाला देता आली असतील, तीही पूर्ण वाक्यात. 'कुठे'ला 'कुसवात' हे रूप जुळतं, 'का'च्या पुढचं उत्तर 'कारण'नंतर सापडतं. वाक्याचा अर्थ मात्र शून्य, कारण शब्द मी बनवलेले आहेत. पाठ्यपुस्तकातल्या 'एका वाक्यात उत्तरे लिहा'मध्ये पुष्कळ मुलं वर्षानुवर्षं हेच करत पुढे सरकतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या उताऱ्यात "लेखकाला असे का वाटले असावे?" असा प्रश्न येतो तेव्हा गाडी अडते, कारण त्याचं उत्तर कुठल्याच ओळीत लिहिलेलं नसतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिहिलेलं उलगडता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही.

आपल्या लिपीमुळे इथे एक खास अडचण होते. देवनागरी बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. अक्षरांची संख्या मोठी, त्यात काना-मात्रा आणि जोडाक्षरं, त्यामुळे शिकायला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यातही हे दिसलं की सव्वीस अक्षरांच्या लिपीपेक्षा आपल्याकडच्या अक्षरमालेला कितीतरी जास्त काळ द्यावा लागतो. पण एकदा ती हातात आली की मूल न कळणारा मजकूरही खणखणीत वाचून दाखवतं. इंग्रजीत अनोळखी शब्दापाशी ते अडखळतं आणि आपल्याला पत्ता लागतो. मराठीत अडखळणं ऐकूच येत नाही. म्हणून मराठीत 'छान वाचतो' या शेरावर मी विसंबत नाही.

किती शब्द माहीत असले म्हणजे मजकूर समजतो? मार्सेला हू आणि पॉल नेशन यांचा २००० सालचा प्रयोग इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांवरचा आहे, पण मुलांचा विचार करतानाही मार्गदर्शक वाटतो. त्यांनी गोष्टीतल्या काही शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले. पाचांत एक शब्द अनोळखी असताना एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. कुणाच्या मदतीशिवाय समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानात चार अनोळखी शब्द चालतात. आता पाचवीचं विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उघडा आणि तुमच्या मुलाला न कळणारे शब्द एका पानावर मोजा.

दोन भाषांतल्या मुलांचं निराळं काय? एलेन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तीन ते दहा वर्षांच्या १,७३८ मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह तपासला. घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांचा सरासरी आकडा कमी आला. पण सहा वर्षांच्या मुलांचे शब्द त्यांनी दोन गटांत लावून पाहिले, तेव्हा फरक मुख्यतः घरगुती शब्दांत निघाला. शाळेत लागणाऱ्या शब्दांत दोन्हीकडची मुलं जवळपास सारखी होती. मला यातून एवढंच दिसतं की शब्द जिथे वापरले जातात तिथे वाढतात. स्वयंपाकघर मराठीत आणि प्रयोगशाळा इंग्रजीत असेल, तर मुलाचा संग्रहही तसाच वाटला जाणार. एकाच भाषेत मोजलं की तो अर्धा दिसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घरची भाषा कमी करून शाळेची भाषा वाढत नाही. आईवडिलांची जी भाषा सर्वांत समृद्ध आहे, त्या भाषेत पुस्तकाच्या पातळीचं बोलणं घरात झालं पाहिजे. आणि शाळेच्या भाषेतले शब्द वेगळे, मुद्दाम शिकवले पाहिजेत. दोन्ही हवं. तुमच्याकडे काय चालतं, काय जमलं, काय नाही, लिहा.

खारूताई

साळुंकी, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. मुलगी इंग्रजी माध्यमात, पाचवीत. पहिलीतच पालकसभेत सांगितलं गेलं की घरी इंग्रजीच बोला, म्हणजे तिला सोपं जाईल. आम्ही दोघंही मराठी माध्यमातले. तरी नेटाने बोललो. आज तिचं बोलणं फाडफाड आहे, उच्चार आमच्यापेक्षा चांगले. पण इतिहासाचा धडा वाचून "यात काय सांगितलंय?" विचारलं तर तीच वाक्यं परत ऐकवते. मराठीत विचारलं तर तेही नाही, कारण मराठीत असले शब्द तिच्या कानावर कधी पडलेच नाहीत. आता कुठून सुरुवात करू?

साळुंकी

खारूताई, हा सल्ला इतक्या घरांत दिला गेला आहे की तुम्ही एकट्या नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात एक गोष्ट सुटते. आपल्याला अंगवळणी नसलेल्या भाषेत आपण मुलांशी काय बोलतो? 'कम हिअर', 'फिनिश युवर मिल्क', 'होमवर्क झाला का'. हुकूम आणि चौकशा. आजीचं गाव का सुटलं, धरणाचं पाणी कुणाला आधी मिळतं, शेजारच्या काकांची नोकरी का गेली, हे त्या भाषेत आपल्याला सांगताच येत नाही. मग ते बोलणंच बंद होतं. मुलीला इंग्रजी जास्त मिळत नाही, मात्र एकूण भाषा कमी मिळते.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलीचालीची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली दोनेक वर्षांत येते. दुसरीला पाच ते सात वर्षं, कधी जास्तही लागतात. फाडफाड बोलणं ऐकून आपण समजतो की भाषा आली. त्यांचं दुसरं म्हणणंही महत्त्वाचं: एका भाषेत कमावलेली समज, कारण-परिणाम लावण्याची सवय, गोष्टीची रचना हे सगळं दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतं. म्हणून पाचवीत मराठीत सुरू केलंत तरी उशीर झालेला नाही. इतिहासाचाच धडा घ्या. आधी तुम्ही मराठीत गोष्टीसारखा सांगा, 'तह', 'वेढा', 'जहागीर' हे शब्द बोलताना येऊ द्या, तिला उलट प्रश्न विचारू द्या. मग इंग्रजी पान उघडा.

जुना_मास्तर

तीस वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त, मुक्काम नाशिक. ताई, विषय चांगला काढलात.

आजच्या मुलांना सव्वा, दीड, पाऊण, अडीच कळत नाही. 'पाऊण तास' म्हटलं की घड्याळाकडे बघतात. एकोणसाठ म्हणजे किती विचारलं की गप्प. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा. विरोध करणाऱ्या किती घरांत त्या संख्या रोज बोलल्या जात होत्या, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता.

पण एक सांगतो. आमच्या वेळी समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार यांचं पाठांतर असे. रोज दहा शब्द. त्याला हल्ली नावं ठेवतात. मला तरी त्याचा फायदाच दिसला.

सरळसोट

जरा विरोधी सूर लावतो. धाग्यात सगळा भर 'घरी समृद्ध मराठी बोला' यावर आहे. ऐकायला छान. पण मुलाची परीक्षा इंग्रजीतून आहे. घरी प्रकाशसंश्लेषणावर कितीही गप्पा मारल्या तरी 'फोटोसिंथेसिस' हा शब्द आपोआप डोक्यात येणार नाही. 'स्टेम', 'स्टोमाटा', 'रिलीज', 'अ‍ॅब्झॉर्ब' हे इंग्रजीतच शिकावे लागतील. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकं आहेत त्यांची मुलं पुढे जाणार आणि बाकीच्यांना आपण मातृभाषेचं महत्त्व सांगत बसणार, हे मला पटत नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलो, पहिलं वर्ष काय गेलं ते मला माहीत आहे.

साळुंकी

सरळसोट, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. कल्पना एका भाषेतून दुसरीत जाते, शब्द जात नाही. अमेरिकेत डायान ऑगस्ट आणि टिमथी शानाहान यांनी संपादित केलेला राष्ट्रीय समितीचा मोठा अहवाल २००६ मध्ये आला. घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांवरचं तोवरचं संशोधन त्यात तपासलं होतं. त्यांना आढळलं की शब्द वाचणं आणि स्पेलिंग यांत ही मुलं चांगल्या शिकवण्याने इतरांच्या बरोबरीला येतात, पण आकलनात मागे राहतात, आणि त्याचं मोठं कारण शाळेच्या भाषेतला शब्दसंग्रह आणि बोलण्या-ऐकण्याची तयारी हे आहे. म्हणजे इंग्रजी शब्द मुद्दाम शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही, हे तुमचंच म्हणणं तिथेही आहे.

फक्त 'ओसाड जागी' शब्द शिकवणं आणि कळलेल्या गोष्टीला शब्द देणं यांत फरक आहे. पान हवेतून काय घेतं, प्रकाश नसेल तर काय अडतं, हे ज्या मुलाला मराठीत सांगता येतं त्याला 'अ‍ॅब्झॉर्ब' द्यायला फार वेळ लागत नाही. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही तो शब्द पाठ करतो आणि पेपरला चुकीच्या जागी लिहितो. आणि घरी इंग्रजी पुस्तकं नसण्याचं म्हणाल, तर ती कमतरता शाळेने भरून काढायची असते. ती आईच्या मोडक्या इंग्रजीवर ढकलणं हाच मला अन्याय वाटतो.

मास्तर, पाठांतराबद्दल: यादी अगदीच वाया जाते असं नाही. पण 'निर्धार म्हणजे निश्चय' एवढं पाठ असलेल्या मुलाला "त्याने निर्धार केला" आणि "त्याला निर्धार वाटला" यातलं कुठलं चालतं हे सांगता येत नाही. शब्द माहीत असणं हो-नाही असं नसतं. ऐकलेला, साधारण कळलेला, ओळखीच्या वाक्यात कळणारा, स्वतः वापरता येणारा अशा त्याच्या पायऱ्या आहेत. आकलनासाठी वरच्या पायऱ्या लागतात. तुमच्या वर्गात पाठांतर चाललं, कारण तुम्ही तेच शब्द दिवसभर बोलण्यातही वापरत असणार.

जुना_मास्तर

हे मान्य. वर्गात बोलताना वाक्प्रचार यायचेच. मुलंही एकमेकांना ऐकवायची. यादी एकटी कधीच नव्हती.

धारणीवाला

हा धागा वाचून राहवलं नाही. मेळघाटात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या मुलांना तुम्ही द्वैभाषिक म्हणाल, पण पहिलीत येताना त्यांच्याकडे मराठी जवळपास नसते. घरी कोरकू. कोरकू ही मुंडा गटातली, ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली भाषा. मराठीशी तिचं कुळाने नातं नाही. मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात थोडी हिंदी कानावर येते. आणि पुस्तक मराठी.

तिसरीपर्यंत मुलं वाचायला लागतात. साळुंकी म्हणतात तसं खणखणीत. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जातात. धड्यात 'भरती-ओहोटी', 'दीपगृह', 'बोगदा' असतं. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, आगगाडी पाहिलेली नाही. फक्त शब्द नाही, शब्दामागची वस्तूही नाही. अशा वेळी फळ्यावर अर्थ लिहून देणं म्हणजे एका न कळणाऱ्या शब्दाशेजारी दुसरा ठेवणं.

पण उलट बाजू बघा. हीच मुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आईबरोबर मोह वेचायला जातात. कुठल्या झाडाखाली आधी फुलं पडतात, वाळवायची कशी, ओल लागली तर काय होतं, व्यापारी भाव कसा पाडतो, तेंदूपत्त्याचा पुडा कसा बांधतात, हे सगळं चौथीतलं पोर सलग सांगतं. कोरकूत. कारणं देतं, तुलना करतं, अंदाज बांधतं. वाचनाच्या आकलनात आपण जे मागतो ते सगळं त्याच्याकडे आहे, ते आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

म्हणून मी क्रम बदलला. आधी मुलं कोरकूत सांगतात. मला बऱ्यापैकी येते, अडलं की मोठी मुलं मदत करतात. ते मी देवनागरीत जसंच्या तसं फळ्यावर लिहितो. मुलं ते वाचतात आणि प्रथमच वाचता वाचता हसतात, मध्येच "सर, असं नाही" म्हणून दुरुस्ती सांगतात. मजकूर कळल्याशिवाय दुरुस्ती सांगता येत नाही, म्हणून त्या क्षणाची मी वाट बघत असतो. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मराठीत. शब्द नवे, गोष्ट जुनी. 'ओलावा', 'वाळवणे', 'साठवण', 'भाव' हे शब्द तिथे पक्के होतात. मग पाठ्यपुस्तकातल्या धान्याच्या धड्यात तेच शब्द भेटले की मुलं थबकत नाहीत.

वेळ लागतो. अभ्यासक्रम मागे राहतो, वरून विचारणा होते. तरी मला दुसरा मार्ग दिसत नाही. राज्यभर गोंडी, भिली, पावरी, वारली, कातकरी बोलणाऱ्या मुलांसमोर हेच आहे. शहरातल्या सेमी-इंग्रजीच्या चर्चेत या मुलांचा उल्लेख फार कमी येतो, म्हणून लांबण लावली.

खारूताई

सर, लांबण अजिबात नाही. "असं नाही" म्हणून दुरुस्ती सांगणं, हे मी आज घरी करून बघणार आहे.

तांबडी_माती

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकणाऱ्या मुलांची घरची भाषा बहुतेक कोंकणी, पुस्तक मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून २०११ पासून किती आंदोलनं झाली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात इथे शिरत नाही. वर्गात काय होतं ते सांगतो.

कोंकणी-मराठी जवळच्या, त्यामुळे पहिल्या चार वर्षांत अडचण झाकली जाते. मुलाला वाटतं कळलं, शिक्षकालाही वाटतं कळलं. पाचवीत एकदम परिसर अभ्यास इंग्रजीत. चौथीत 'बाष्पीभवन' शिकलेला मुलगा 'इव्हॅपोरेशन' बघतो आणि त्याला वाटतं हे काहीतरी नवीनच आहे. त्याच्याच डोक्यात असलेली वस्तू त्याला ओळखू येत नाही. आमच्या एका शिक्षिका पाचवीच्या पहिल्या सत्रात फळ्याचे दोन भाग करतात, डावीकडे चौथीतला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि मुलांना कोंकणीत समजावायला लावतात. बाकी शाळा म्हणतात वेळ जातो. त्यांच्या वर्गातली मुलं सहावीत इतरांपेक्षा कमी घाबरलेली असतात, एवढं मी स्वतः बघितलंय.

पैलतीर

न्यू जर्सी. आमचा मामला उलटा आहे. मुलाची शाळेची भाषा इंग्रजी, ती उत्तम. मराठी फक्त घरात आणि रविवारच्या मराठी शाळेत. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर शाळा चालते, शिकवणारे सगळे पालकच. मुलाला लाटणं, उशी, कुशीवर झोप, ताक ढवळ हे सगळं कळतं. पण 'पुरावा', 'न्याय', 'परिणाम', 'प्रयत्न' नाही. त्यामुळे मराठी गोष्ट ऐकताना पहिल्या पानावर हसतो आणि तिसऱ्या पानावर पाय हलवायला लागतो.

एक चिंता विचारायची होती. धाकटी उशिरा बोलायला लागली. कुणीतरी सांगितलं की दोन भाषांमुळे गोंधळ होतोय, मराठी थांबवा. आजी-आजोबांशी ती फक्त मराठीत बोलू शकते. काय करावं?

वाचावर्ग

पैलतीर, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला न बघता तिच्याबद्दल काही सांगणार नाही. तपासणी जरूर करून घ्या, 'होईल आपोआप' म्हणून थांबू नका. पण 'मराठी थांबवा' या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही.

जोहान पॅराडिस, मार्था क्रागो, फ्रेड जेनेसी आणि मेबल राइस यांनी २००३ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच-इंग्रजी द्वैभाषिक, भाषाविकासात अडचण असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तशीच अडचण असलेल्या एकभाषिक मुलांशी तुलना केली. दोन भाषांमुळे त्यांची अडचण जास्त झालेली आढळली नाही. अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. एक भाषा काढून टाकल्याने ती जात नाही, घरातली माणसं मात्र तुटतात.

तपासणीला जाताना एक आग्रह धरा: दोन्ही भाषांतले शब्द मोजायला सांगा. बार्बरा पीअर्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी लहान मुलांवर हेच दाखवलं. दोन्ही भाषा मिळून मुलाकडे किती कल्पनांना शब्द आहेत ते मोजलं तर ही मुलं एकभाषिक मुलांच्या बरोबरीची होती. मुलगी 'दूध' म्हणते, 'मिल्क' म्हणत नाही, म्हणून तिला तो शब्द येत नाही असं लिहिणं चुकीचं आहे. भारतातही मी हे रोज बघते. इंग्रजी चाचणी लावली, आकडा कमी आला, आई रडत बाहेर आली. मूल घरच्या भाषेत व्यवस्थित बोलत असतं.

आडवाटेने

एक वेगळा पैलू. शब्द सगळे माहीत असूनही मजकूर चुकीचा कळू शकतो. मार्गरेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ मध्ये भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली, एक अमेरिकन लग्नाबद्दल, एक भारतीय लग्नाबद्दल, दोन्ही इंग्रजीत. मोठी, शिकलेली माणसं होती. प्रत्येकाने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र कमी वेळात वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. दुसऱ्याच्या लग्नाचं वाचताना अर्थ वाकवला. अमेरिकन वधूने आजीचा पोशाख घातला होता, तिकडे ती कौतुकाची गोष्ट. एका भारतीय वाचकाला वाटलं, पोशाख जुना आणि फॅशन गेलेला आहे. हुंड्याचा उल्लेख काही अमेरिकनांना भेटवस्तूंची देवघेव वाटली.

धारणीवाला सरांच्या दीपगृहाची हीच गोष्ट आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या पिकनिक आणि स्लीपओव्हरच्या गोष्टी वाचताना आपल्या मुलांचंही असंच होत असणार, आणि आपण त्याला 'आकलन कच्चं' म्हणतो.

सरळसोट

हे लग्नाचं उदाहरण पटलं. माझ्या पहिल्या वर्षाचा विचार करतोय. तांत्रिक शब्द मी महिन्या-दोन महिन्यांत उचलले होते. खरं अडायचं ते 'अनलेस', 'वेअरअ‍ॅज', 'प्रोव्हायडेड दॅट' यांच्यापाशी. प्रमेय कळायचं, अट कळायची नाही.

साळुंकी

हा तर सोन्यासारखा मुद्दा आहे! तांत्रिक शब्दांना चौकट असते, चित्र असतं, धड्याखाली अर्थ असतो. 'तरीही', 'अन्यथा', 'जोपर्यंत… तोपर्यंत', 'वगळता', 'अनुक्रमे' यांना काहीच नसतं. ते कुणी शिकवत नाही, आणि वाक्याचा सगळा अर्थ त्यांच्यावर तोललेला असतो. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात मुलं आकडे उचलतात आणि 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी करतात. "रमाकडे सीमापेक्षा पाच गोट्या कमी आहेत, रमाकडे बारा आहेत, तर सीमाकडे किती?" यात 'कमी' बघून सात लिहिणारी मुलं माझ्याकडे कायम असतात. त्यांना बारा वजा पाच उत्तम येतं. त्यांचं 'पेक्षा'पाशी अडतं.

मी हे शब्द खेळात घेते. "मी छत्री घेतली, तरीही…" आणि "मी छत्री घेतली, म्हणून…" ही दोन वाक्यं मुलांनी पुरी करायची. मग तीच इंग्रजीत. 'तरीही' आणि 'म्हणून' यांतली अदलाबदल मराठीत पक्की असलेल्या मुलांना 'ऑल्दो' कमी त्रास देतो.

खारूताई

काल आणि आज करून बघितलं. वेढ्याचा धडा मराठीत सांगितला, मुद्दाम एक गोष्ट चुकीची सांगितली. तिने पकडली नाही. इंग्रजी पान वाचलं तेव्हाही पकडली नाही. मग नकाशा काढून सांगितलं तेव्हा म्हणाली, "पण मग आतल्या लोकांना पाणी कुठून मिळालं?" म्हणजे कळतंय. पण नेमकं कुठे अडतंय हे मला ओळखता येत नाहीये. वाचण्यात, शब्दांत, की गोष्टच नवीन आहे म्हणून?

साळुंकी

तुम्ही निम्मी तपासणी केलीच आहे. उरलेली अशी करा. पुढचा धडा घ्या, तिने वाचलेला नसावा. पहिला परिच्छेद तिला स्वतः मनात वाचू द्या आणि पुस्तक मिटून सांगायला लावा. दुसरा परिच्छेद तुम्ही तिला इंग्रजीतच वाचून दाखवा. ऐकून नीट सांगितलं आणि वाचून सांगता आलं नाही, तर अक्षरं उलगडण्यात शक्ती जाते आहे. तिथे मोठ्याने वाचण्याचा सराव खरोखर कामाचा आहे. ऐकूनही कळलं नाही, तर तिसरा परिच्छेद मराठीत सांगा. आता कळला तर गोष्ट तिच्या आवाक्यातली आहे आणि इंग्रजी शब्द कमी पडत आहेत. मराठीतही कळला नाही, तर नकाशा, चित्र, जुन्या किल्ल्यावरची फेरी यांची गरज आहे, कारण अजून गोष्टीलाच जागा झालेली नाही. एकाच धड्यावरून ठरवू नका, वेगवेगळ्या विषयांचे तीन-चार घ्या. विज्ञानात एक उत्तर येईल आणि इतिहासात दुसरं, तसं होतंच. तुमच्या वर्णनावरून इतिहासात तिला शेवटची गरज जास्त वाटते.

शब्द निवडताना धड्याखालचे सगळे घेऊ नका. दुसऱ्या विषयांतही भेटतील असे तीन-चार पुरेत. 'वेढा' या धड्यापुरता, पण 'पुरवठा', 'माघार', 'सर्व बाजूंनी' हे भूगोलात आणि बातम्यांतही येतील. एकदा भेटून शब्द क्वचितच राहतो, म्हणून तेच शब्द आठवडाभर जेवताना, रिक्षात, भाजी आणताना बोलण्यात येऊ द्या.

पैलतीर

वाचायला काय द्यायचं, यावर कुणी सांगेल का? आमच्याकडे मराठी पुस्तकं मिळत नाहीत.

आडवाटेने

प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ बघा. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मोफत मिळते, पातळ्या लावलेल्या आहेत. आधी मराठीत ऐकवायची, मग इंग्रजीत मुलाने वाचायची, किंवा तुमच्याकडे उलट. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही इंटरनेटवर वाचता येतात. थोड्या मोठ्या मुलांना चालतील. तुमच्या मुलाला जे 'पुरावा', 'परिणाम' हवेत ते गोष्टींपेक्षा माहितीपर लेखांत जास्त सापडतील. त्याला अवकाश आवडत असेल तर अवकाशावरचंच मराठी वाचून दाखवा. विषय इंग्रजीतून माहीत असल्यामुळे मराठी शब्दाचा अंदाज त्याला स्वतः बांधता येईल.

धारणीवाला

स्टोरीविव्हरवर कोरकूतल्या गोष्टी कुणाला दिसल्या तर इथे कळवा. आमच्या मुलांनी सांगितलेल्या मोहाच्या, अस्वलाच्या, जत्रेच्या गोष्टी मी वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत, कोरकू आणि मराठी शेजारी शेजारी. चित्रं काढणारं आणि टंकायला मदत करणारं कुणी या धाग्यावर असेल तर मला निरोप करा. पुढच्या सत्राआधी पहिल्या पाच गोष्टी तयार करायच्या आहेत.

तांबडी_माती

सर, टंकायचं काम मी घेतो. वह्यांचे फोटो पाठवा.